अक्काताईंसाठी फिरती सीट

भरमाप्पाण्णा गाडीचं काम करत असले की लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस गाडीला विजार शिवतोय. गळ्यात टेप, कानावर खडू आणि बॉनेटवर पसरलेला खाकी कागद. लोखंडाची पट्टी कापायची असली तरी आधी कागद कापणार, तो जागेवर धरून बघणार, मान तिरकी करून एक डोळा मिटणार आणि मगच पट्टीवर खडूची रेघ ओढणार. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. सकाळी मी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले की अण्णा लिंगपूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून गाडीपाशी हजर असायचे. माझी तुळशीभोवतीची प्रदक्षिणा आणि त्यांची गाडीभोवतीची फेरी एकदमच चालायची.

मूळचे ते शिंपी. मंगळवार पेठेत पुरुषांचे कपडे शिवायचं त्यांचं दुकान होतं. पेठेतले कितीतरी नवरदेव त्यांनी शिवलेल्या सफारीत बोहल्यावर चढले. पुढं लोक तयार कपडे घेऊ लागले. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि पेपर वाचायला येणारेच जास्त झाले, तेव्हा अण्णांनी शटर ओढलं आणि मशीन घरी आणलं. त्याच सुमारास एका जुन्या गिऱ्हाइकानं पुण्याला मुलाकडं कायमचं जाताना आपली मारुती आठशे त्यांना देऊन टाकली. पांढरी म्हणायची, पण रंग सायीसारखा पिवळट झालेला. गल्लीतले लोक म्हणाले, अण्णा, भंगारवाला परवाच येऊन गेला की. अण्णांनी आधी गाडीच्या छताचं लोंबणारं कापड काढलं आणि दुकानात उरलेलं सफारीचं करडं कापड तिथं शिवून बसवलं. तेव्हापासून त्या गाडीत बसलं की कुणाच्या तरी लग्नाच्या कपड्यात शिरल्यासारखं वाटायचं.

यंत्राचं त्यांना काही येत नव्हतं. उद्यमनगरात जाऊन ते तासन्‌तास कुणाच्या तरी गॅरेजसमोर उभे राहायचे, बघायचे आणि घरी येऊन उघडायचे. पहिल्यांदा कार्बोरेटर उघडून साफ केला आणि पुन्हा जोडला, तर दोन स्क्रू हातात उरले. अण्णांनी ते बटणांच्या डब्यात टाकले आणि सांगितलं, हे जादाचे असतात, बटणं देतात तसे. दुसऱ्या दिवशी गाडी रंकाळ्याच्या कोपऱ्यावर बंद पडली. ते जादाचे नव्हते. पण असं चुकत चुकत त्यांनी प्लग, ब्रेक, क्लचची केबल, दाराच्या काचा असं एकेक हाताखाली घातलं. बिघडलं की चिडायचे नाहीत. उसवायचे आणि पुन्हा घालायचे.

त्यांच्या मंडळी अक्काताई. माहेर गडहिंग्लजच्या पुढं, कानडी मुलखाच्या तोंडाशी. घरात कानडी, दारात मराठी. रागावल्या की कानडी, चेष्टेला आल्या की मराठी. एकुलती एक मुलगी सौंदर्या लग्न होऊन धारवाडला गेली, तेव्हापासून दोघंच. अक्काताई माझ्याबरोबर शुक्रवारी अंबाबाईला यायच्या. गाभाऱ्यासमोर हात जोडायच्या आणि बाहेर आल्यावर हळूच म्हणायच्या, देवी लई छान, पण आमच्या लक्ष्मीचं तोंड जरा हसरं हाय. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. प्रत्येकीला आपल्या गावची देवी हसरीच दिसते.

मग अक्काताईंना लकवा झाला. डावी बाजू गेली. बोलणं काही दिवसांत परत आलं, उजवा हातही शाबूत राहिला, पण डावा पाय ओढावा लागायचा. चार पायांची काठी घेऊन त्या घरातल्या घरात फिरायच्या. गाडीत बसणं मात्र जमेना. बसताना अंग वळवायचं, वाकायचं आणि तो पाय उचलून आत घ्यायचा, ते व्हायचंच नाही.

दिवाळीला त्यांच्या भावाचा मुलगा वीरेश न्यायला आला होता. त्याची गाडी मोठी, उंच. अक्काताईंना चढता येईना, तेव्हा त्यानं आणि त्याच्या दोस्तानं दोन्हीकडून धरून उचललं. उचलताना लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलं. गल्ली भरलेली होती. अक्काताई "ठेव मला खाली" एवढंच म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्यानंतर त्या दवाखान्याशिवाय कुठं गेल्या नाहीत. तेही व्हीलचेअर दारात आली तरच.

आणि पुढच्या उन्हाळ्यात माहेरची यात्रा होती.

ही यात्रा दरवर्षीची नाही. बारा वर्षांनी एकदा लक्ष्मी देवळातून निघते आणि गावाच्या मध्यभागी चौथऱ्यावर येऊन बसते. त्या चौथऱ्याला ते गदगा म्हणतात. गावच्या सगळ्या लेकींना बोलावणं जातं, मग ती लेक स्वतः आजी का झालेली असेना. लेकीनं आपल्या हातानं देवीची ओटी भरायची. शेवटच्या दिवशी दुपार कलली की देवी गदग्यावरून उठते आणि शिवेकडं जाते. एकदा उठली की पुन्हा बारा वर्षं ओटी नाही.

वीरेश फोनवर म्हणाला, अत्ती, मी येतो न्यायला. त्यांच्यात आत्याला अत्ती म्हणतात. अक्काताईंनी नको म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर आम्ही तिघं दारातच बसलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला तिथं कुनी उचलायचं न्हाय. मी काय साखरेचं पोतं हाय व्हय? माज्या बरोबरीच्या बायका उभ्या असत्यात तिथं. माज्या पायानं उतरता आलं तर जाईन. न्हायतर हितनंच हात जोडीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दारात आले, तर अण्णा टेप घेऊन अक्काताईंसमोर खाली बसलेले. घोटा ते गुडघा, गुडघा ते कंबर, बसल्यावर डोक्यापर्यंत. जन्मभर पुरुषांची मापं घेतलेला माणूस बायकोचं माप पहिल्यांदाच घेत होता.

"लई लवकर सुचलं," अक्काताई म्हणाल्या.

"हात सरळ ठेव," अण्णा म्हणाले.

त्यांच्या मनात होतं ते असं. पुढची डावीकडची सीट दाराकडं फिरायला पाहिजे. अक्काताईंनी रस्त्याकडं तोंड असलेल्या सीटवर खुर्चीसारखं बसायचं, सीट आत फिरवायची की पाय आपोआप आत. उतरताना उलट. आधी त्यांनी ऑफिसच्या फिरत्या खुर्चीचा बुडखा आणून सीटखाली बसवला. सीट झक्कास फिरली, पण इतकी उंच झाली की अक्काताईंचा अंबाडा सफारीच्या कापडाला टेकला. ते उसवलं. मग उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून दोन गोल लोखंडी तबकड्या करून आणल्या. दोन्हींत गोल खाच, खाचेत छर्रे, छर्ऱ्यांना ग्रीस. एक तबकडी गाडीच्या तळाला, दुसरी सीटला. एका बोटानं ढकललं तरी सीट जात्यासारखी फिरायची. गुडघे दाराच्या खांबाला अडत होते, म्हणून सीटचा कोपरा करवतीनं तासला आणि तिथं नवं कव्हर इतकं नेटकं शिवलं की मूळचीच वाटावी. दाराच्या आतून, उजव्या हाताला येईल अशी, भक्कम मूठ बसवली.

पहिली फेरी रंकाळ्याला काढली. मी मागं बसले होते. वळणावर अण्णांनी गाडी वळवली आणि सीट आपली आपण फिरून अक्काताई थेट नवऱ्याकडं तोंड करून बसल्या. अण्णा घाबरून गाडी बाजूला घ्यायला लागले, तर त्या म्हणाल्या, "बघा की आता समोर. लग्नात तेवढं बघितलासा, त्याच्यानंतर बघायला येळ कुठं हाय तुमाला." अण्णांनी त्याच दिवशी दाराची एक कडी आणून सीटला लावली. कडी घातली की सीट हलायची नाही.

गल्लीत रोज सराव व्हायचा. कडी काढ, सीट फिरव, पाय जमिनीवर, मूठ धर, ऊठ. ज्या दिवशी अक्काताई कुणाचा हात न धरता गाडीतून उतरून उभ्या राहिल्या, त्या दिवशी मी घरात येऊन देवापुढं साखर ठेवली. त्यांना सांगितलं नाही. अजून गावाला पोचायचं होतं.

सीट झाली आणि गाडीनंच दगा दिला. पेट्रोलचा पंप गेला. इतक्या जुन्या गाडीचा तो पंप लवकर मिळेना. अण्णा भंगाराच्या गोदामांतून हिंडले, इचलकरंजीला जाऊन आले, मिळाला तो दुसऱ्याच मॉडेलचा. इकडं यात्रा सुरू झाली. वीरेशची बायको रोज फोनवर व्हिडिओ पाठवायची. देवी गदग्यावर बसली, अंगावर शालू, पुढं भंडारा उधळलेला, नटलेल्या लेकींची रांग. अक्काताई पहिले दोन दिवस बघत बसल्या. नंतर फोन आला की बघून पालथा ठेवायच्या. एकदा मला म्हणाल्या, त्या निळ्या लुगड्यातली आमच्या शेजारची, माझ्याहून थोरली हाय ती, कशी ताठ उभी हाय बघ. मी बघितलं. त्यांनी पुन्हा फोन घेतला आणि ती निळ्या लुगड्याची बाई दिसेपर्यंत व्हिडिओ परत लावला.

पंप मिळाला तेव्हा यात्रेचा शेवटचा दिवस उजाडायचा राहिला होता. सकाळी अण्णांनी तो बसवला, गाडी सुरू झाली आणि निघायची तयारी केली. मला त्यांनी सोबत घेतलं. अक्काताईंचं लुगडं, ओटीचं ताट, खण, नारळ, सगळं माझ्याकडं.

निघण्याआधी पूजा. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला कुंकू लावलं, नारळ वाढवला. अक्काताई सीटवर बसल्या होत्या, अजून तोंड रस्त्याकडं. हिरवं लुगडं, कपाळावर विभूती आणि खाली मोठं कुंकू. अण्णांनी मूठभर अक्षता घेतल्या. गाडीवर टाकल्या, स्टीअरिंगवर टाकल्या. मग काय वाटलं कोण जाणे, आणखी एक मूठ घेतली आणि बायकोच्या डोक्यावर, मांडीवर, सीटवर सगळीकडं उधळली, लग्नात टाकतात तशी.

"मंगलाष्टकं ऱ्हायली की," अक्काताई म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो. अण्णांनी सीट फिरवली, कडी घातली आणि निघालो.

कागल गेलं, निपाणी गेलं. तवंदीच्या घाटात इंजिन तापायला लागलं. अण्णांनी उपाय काढला, आतला हीटर चालू करायचा, म्हणजे इंजिनाची गरमी आत येते आणि इंजिन थोडं निवतं. उन्हाळ्याची दुपार, वरून हीटर. अक्काताई म्हणाल्या, बाळंतिणीला शेक देत्यात तसा दिलासा की हो आमाला. घामानं कुंकू ओघळत होतं, पण तोंड हसरं होतं. घाट उतरल्यावर खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला त्या एकेका गावाचं नाव सांगत होत्या. गडहिंग्लज मागं टाकलं तसं त्या नावं सांगायच्या थांबल्या. नुसत्या बघत होत्या.

गावात पोचलो तेव्हा हलग्या वाजत होत्या. वीरेश वेशीत उभाच होता. त्यानं लोकांना बाजूला करत गाडी गदग्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आणवली. तिथून पुढं गर्दीच गर्दी, पण गल्लीच्या टोकाला, डोक्यांवरून, देवीचा मुकुट दिसत होता. बायका गाडीभोवती जमल्या. अक्का आली, अक्का आली, असं कानडीतून एकमेकींना सांगत होत्या. निळ्या लुगड्यातली बाईही होती. अण्णांनी उतरून दार उघडलं, कडी काढली आणि सीट ढकलली.

सीट थोडी फिरली आणि अडकली.

अण्णांनी पुन्हा ढकललं. आत नेऊन बाहेर आणलं. सीट निम्म्यावर येऊन थांबायची. अक्काताईंचे गुडघे दाराच्या खांबाला टेकलेले, ना आत ना बाहेर. अण्णा रस्त्यावर उताणे पडून सीटखाली बघायला लागले आणि मला वरूनच दिसलं, त्यांचा चेहरा एकदम उतरला. दोन तबकड्यांच्या मधल्या खाचेत तांदूळ गेले होते. सकाळच्या अक्षता. छर्ऱ्यांखाली चिरडून, ग्रीसमध्ये मळून त्यांचं पीठ झालं होतं आणि घाटातल्या गरमीनं ते चिकटून वाळलं होतं.

मी अंबाड्यातली पिन काढून दिली. ते एकेक कण उकरून काढू लागले. बायका वाकून बघत होत्या. कुणी विचारलं, काय झालं, तर कुणी सांगितलं, गाडी बिघडली. वीरेश गल्लीत जाऊन आला आणि घाईनं म्हणाला की पुजारी उठले, आरती शेवटची चाललीय, देवी आता उठेल. त्यानं गाडीत वाकून हात पुढं केले.

"अत्ती, चार पावलं हायत. मी एकटा नेतो. कुनाला दिसणार बी न्हाय."

"न्हाय," अक्काताई म्हणाल्या.

अण्णा सीटखालून बाहेर आले. डोक्याला ग्रीस आणि धूळ, हातात माझी पिन. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"अगं, जा त्याच्यासंगं. माझंच चुकलं. देवी काय थांबनार न्हाय."

अक्काताईंनी नवऱ्याकडं बघितलं, मग गल्लीकडं, त्या मुकुटाकडं. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच.

"बारा वर्सं मी थांबलीय. तुमी करा तुमचं काम. हितं बसलीय मी."

अण्णा पुन्हा खाली पडले. मी मनात नाव घेत होते, अंबाबाईचं नव्हे, त्यांच्या लक्ष्मीचं. बाई, जरा थांब. तुझीच लेक आहे. मला वाटतं अशी विनवणी मी माझ्या स्वतःसाठी कधी केली नसेल.

हलग्यांचा ठेका बदलला. गल्लीत एकच आवाज उठला, भंडाऱ्याचा पिवळा ढग वर गेला आणि तो मुकुट हलला. वर झाला, डुलला आणि पलीकडच्या बाजूला चालू लागला. गाडीभोवतीच्या बायका तिकडं धावल्या. निळ्या लुगड्यातली बाई मात्र थांबली होती. मग तीही गेली.

मुकुट दिसेनासा झाला आणि त्यानंतर थोड्याच वेळात खालून अण्णांचा आवाज आला, बघ आता. सीट फिरली. अक्काताईंनी उजव्या हातानं मूठ धरली, डावा पाय ओढून जमिनीवर टेकवला आणि उभ्या राहिल्या. कुणी बघायला नव्हतं. मी काठी दिली. त्या चालायला लागल्या. अण्णा मागून, वीरेश मागून, कुणी हात लावला नाही. ती गल्ली त्यांनी चालून संपवली आणि गदग्यापुढं जाऊन थांबल्या.

गदगा रिकामा होता. तोरणं होती, फुलं होती, मधली जागा मोकळी. दोन म्हाताऱ्या खाली पडलेला भंडारा पदरात गोळा करत होत्या. मी ओटीचं ताट पुढं केलं. अक्काताईंनी मान हलवली. देवी उठल्यावर रिकाम्या जागी ओटी ठेवायची नसते. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. लांब शिवेकडून हलग्या ऐकू येत होत्या, बारीक बारीक होत. त्या पूर्ण थांबेपर्यंत अक्काताई तिथून हलल्या नाहीत.

परत येताना मागच्या सीटवर ओटीचं ताट माझ्या मांडीवर होतं. देवीच्या नावानं काढलेली ओटी घरात वापरता येत नाही. मी म्हणाले, अक्का, शुक्रवारी अंबाबाईला भरू या, देवी सगळी एकच. त्या पुढं तोंड करून म्हणाल्या, "ती तुमची हाय वैनी. ही माजी."

तो खण, तांदूळ आणि नारळ अक्काताईंनी नव्या कापडात बांधून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलेत. अण्णांना बोल लावलेला मी तरी ऐकला नाही. जेवायला वाढताना, औषध मागताना त्यांचा आवाज आधी होता तसाच आहे. संध्याकाळी कधी कधी त्या उभ्या गाडीत जाऊन बसतात, सीट रस्त्याकडं फिरवून. जाणारा-येणारा थांबतो, गप्पा होतात.

अण्णांनी मात्र गाडी पुन्हा सगळी उघडली आहे. तबकड्यांभोवती रबराचं झाकण शिवलं, कणभर काही आत जाणार नाही असं. आता तळाचा गंजलेला पत्रा काढून नवा घालतायत. खाकी कागद कापून झालाय. परवा सकाळी मी तुळशीपाशी उभी राहून विचारलं की अण्णा, आणखी बारा वर्षं टिकेल का ही गाडी?

ते गाडीखालून बाहेर आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "टिकंल की वैनी. गाडीचं मी बघतो."

मग पान्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी तुळशीला एक प्रदक्षिणा जास्त घातली आणि आत गेले.